वात बारीक

पारोळ्याच्या बाजारात आमचे वडील, आबा, हमाली करायचे. घरात एकच कंदील. मी आणि माझा थोरला भाऊ नाना, दोघं त्याच्याभोवती पुस्तकं घेऊन बसायचो. रॉकेल पुरवायचं म्हणून वडील अंथरुणातूनच सांगायचे, "वात बारीक कर रे, बठ्ठं दिखस." डोळे सरावले की खरंच सगळं दिसायचं. त्या उजेडात नाना गुरांचा डॉक्टर झाला, मी प्राध्यापक झाले. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे मी मान वर करून सांगते.

महिन्यापूर्वी धुळ्यात तास संपवून बाहेर आले, तर वहिनीचा फोन. नाना झोपेतच गेला होता. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठते, खोल्यांतून फिरते, चालू दिवा दिसला की बंद करते... पुन्हा उठते.

नाना जळगावला वनखात्यात होता. केळीच्या बागेत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची रायफल त्याच्या ताब्यात असे. तिच्यावर बसवायला दोन दुर्बिणी पारखायला आल्या, तेव्हा मी सुट्टीत त्याच्याकडेच होते. अशा दुर्बिणीच्या काचेत मधोमध लाल ठिपका पेटतो, तो जनावरावर ठेवून नेम धरायचा. दिवस मावळायला आला तसं नानानं मला शेजारच्या केळीत पोतं टांगायला लावलं. पहिलीचा ठिपका अगदी कमी केला तरी निखाऱ्यासारखा. पोतं त्यामागे गडप. विक्रेता फोनवर कौतुक सांगत होता, भर उन्हातही ठिपका ठळक दिसतो म्हणून. नाना म्हणाला, "मग बिबट्याला दुपारीच बोलावतो." दुसरीचा ठिपका दिसेल न दिसेल इतका मंद व्हायचा, आणि सेल संपलाच तर काचेवर कोरलेली काळी फुली होतीच. त्यानं ती ठेवली.

पुढे यावलकडच्या एका बागेत बिबट्या अडकला. बांधावर गाव लाठ्या घेऊन उभं, उजेड सरत चाललेला. नेम चुकला तर बिबट्या माणसांवर जाणार, नाहीतर माणसं बिबट्यावर. शेजारचा वनरक्षक घाईनं म्हणाला, साहेब, ठिपका वाढवा, काही दिसत नाही. नानानं मला नंतर सांगितलं, त्याचाही हात बटणावर गेलाच होता.

"मग?"

"मग काय माय... कानात आबा खेकसले."

त्यानं ठिपका अगदी कमी केला आणि थांबला. हळूहळू पानांतून एक मांडी वेगळी झाली.

परवा वहिनीबरोबर त्याचं सामान आणायला कचेरीत गेले. तिथल्या माणसांनी रिकामी रायफल हातात दिली. दुर्बिणीत पाहिलं, ठिपका कुठेच नाही. बटण मात्र चालू, सगळ्यात खालच्या आकड्यावर. खिडकीपासून सरकत सरकत कपाटामागच्या अंधारात गेले. डोळे सरावेपर्यंत उभी राहिले. मग तो दिसला.

बटणाला मी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी यावलला बिबट्या जिवंत पिंजऱ्यात गेला, आणि बांधावरचं गाव धडधाकट घरी गेलं.