डोळे शेवटी आखायचे

शाळेचा महिन्याचा कागद आता मोबाइलवर येतो. ऑगस्टचा आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. हात पुसले, चष्मा लावला. वर रंगीत फुगे, खाली उपक्रम. हिरवा दिवस, भेंडीचे ठसे, कडधान्य चिकटवणे, झेंडावंदन, दहीहंडी, शाडूचा गणपती, ‘मी’ या विषयावर चित्र. त्याच्याखाली सूचना. नखं कापून पाठवावीत, डब्यात पाकिटातला खाऊ देऊ नये, कपड्यांचा एक जोड जादा ठेवावा, पालकांनी वर्गाच्या दारात रेंगाळू नये. आणि अगदी शेवटी, गणपतीची सुट्टी लागायच्या दिवशी हस्तकलेचं प्रदर्शन, आई-बाबा दोघांनीही यावे.

मी तो कागद खालून वर वाचला. कारण त्या प्रदर्शनावरूनच माझी नात तिच्या आईबरोबर पेणला जायची होती, कायमची.

माझा मुलगा आणि सून वेगळे झाले त्याला बरेच दिवस झाले. सून माहेरी पेणला गेली, कपड्यांच्या दुकानात लागली. तिची सोय लागेपर्यंत पोर आमच्याकडे, रोह्याजवळ वरश्यात राहायची असं ठरलं होतं. आता तिने खोली घेतली, शेजारी शाळा बघितली. दोघांनी फोनवर बोलून ठरवलं, आवाज न चढवता. भांडले असते तर मला कुठल्यातरी एका बाजूला उभं तरी राहता आलं असतं. सून वाईट नाही हो. पोर आईचीच. हे मी रोज मनाला सांगायचे आणि रोज मन दुसरीकडे बघायचं.

मुलगा कंपनीत, कधी सकाळची शिफ्ट, कधी रात्रीची. त्यामुळे शाळा माझ्याच गळ्यात. म्हणजे, गळ्यात म्हणते खरी, पण तेवढंच काय ते माझं होतं. रिक्षावाला रोज मला चिडवायचा, “आजी, शाळेत तू जातेस का ती?”

“मी जाते. ती मला सोडायला येते,” मी म्हणायचे. पोर खुदकन हसायची. तोपर्यंत हसत होती.

हिरव्या दिवशी सगळ्यांनी प्लास्टिकचे बेडूक नि पोपट नेले. आमच्या छोट्या बाईने रानातलं कंटोळं नेलं. टीचर म्हणाल्या, “अगं, हे काटेरी काय आणलंस?” पोर म्हणे, “हे टोचत नाय, नुसतं दिसतं तसं.” टीचर मला हे सांगताना किती हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत उभी राहिले. एक दिवस संपला ना.

कडधान्याच्या दिवशी ती मूग-वाल चिकटवत बसली, फेविकॉलने बोटं माखलेली. घाई म्हणून मी दोन वाल लावून दिले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूचना आली, घरच्यांनी मुलांचे उपक्रम स्वतः करू नयेत. मुलाला दाखवली. तो म्हणाला, “आई, हे तुझ्यासाठीच हाय.” किती दिवसांनी आम्ही दोघं हसलो असू. मग तो जेवला नि कामावर गेला. त्यालाही सरते दिवस दिसत होतेच. पण आमच्याकडे असल्या गोष्टी बोलायची रीत नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायचं, झालं.

शाडूच्या गणपतीसाठी माती आणायची होती. दुकानात मिळते पुडीत, पण माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, भावाचा गणपतींचा कारखाना. मी पुडीतली माती कशी घेईन? रविवारी पोरीला घेऊन निघाले. रोह्याहून एसटीने पेण. स्टँडवर उतरल्यावर तिने माझा पदर ओढला. “आजी, मम्मी इथंच राहते ना?”

“व्हय गो.”

“आज जायचं?”

“आज नाय.”

तिने हुश्श केलं. खरंच केलं, मी ऐकलं. आईवर तिचा जीव नाही असं नाही. दर आठवड्याला आई येते तेव्हा ती धावत सुटते. पण आईकडे जायचं म्हणजे इथून निघायचं, एवढं तिला कळलं होतं. आमच्यातलं कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. पोरं भिंतीतूनसुद्धा ऐकतात.

कारखान्यात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर, पाटांवर, जमिनीवर गणपतीच गणपती. पितांबर रंगलेले, सोंडा रंगलेल्या, हातांत मोदक, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. आमच्यात डोळे सगळ्यात शेवटी आखतात. आखणी म्हणतात त्याला, आणि ती घरातला जाणता हातच करतो. आधी माझा बाप करायचा, आता भाऊ.

पोर एकेका गणपतीसमोर उभी राहून वाकून बघत होती. मग भावाला म्हणाली, “आजोबा, ह्यांना दिसत नाय?”

“अजून नाय,” भाऊ म्हणाला. “डोळे आखले की दिसतं. मग ते चालले आपल्या घरी, गिऱ्हाइकाबरोबर.”

“आणि नाय आखले तर?”

“नाय आखले तर कोण नेतोय? राहतील इथंच, माझ्या उरावर!” भाऊ हसला, मला म्हणाला, “ताय, तुझी नात कारखान्यात ठेव गो, बारीक नजर हाय हिची.”

मीही हसले. पोर हसली नाही. परतीच्या गाडीत मातीचा गोळा मांडीवर धरून बसली होती, गडब गाव मागे पडलं तरी खिडकीबाहेर बघितलं नाही. मला वाटलं दमली.

घरी आम्ही छोटासा गणपती केला. पोट तिने केलं, सोंड मी वळवून दिली, सूचनेकडे कानाडोळा करून. वाळल्यावर रंग दिला. डोळ्यांसाठी मी बारीक ब्रश भिजवला तर तिने माझं मनगट पकडलं. “नको.”

“अगं, उद्या शाळेत न्यायचाय.”

“नको, आजी. मग तो जाईल.”

मी ब्रश धुऊन ठेवला. टीचरना सांगितलं, आमच्याकडे डोळे शेवटी आखतात. त्या म्हणाल्या, “छान हो, परंपरा आहे,” आणि फोटो काढून गणपती परत दिला. मीही तेवढ्यावरच ठेवलं. पोरीच्या डोक्यात काय चाललंय ते तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

ते आलं ‘मी’च्या चित्राच्या दिवशी. शाळा सुटताना टीचरनी मला थांबवलं. “आजी, जरा बघा ना. फ्रॉक काढलाय, दोन वेण्या काढल्यात, चपलांचे पट्टेसुद्धा काढलेत. पण डोळेच नाहीत. मी म्हटलं काढ, तर पेन्सिल खाली ठेवते. घरी काही झालंय का?”

मी म्हटलं, “विसरली असेल.”

घरी आल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. “बाय, तू तुला डोळे नाय काढलेस?”

ती माझ्या कानाशी आली. “डोळे काढले की नेतात.” मग थोडं थांबून, “मला इथंच ठेव.”

मी तिला कुरवाळत बसले. कुकरच्या शिट्या होत राहिल्या नि खाली डाळ लागली.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आई, मी आता काय करू? ठरलंय ते. तिची आई हाय ती.” त्याचं खरंच होतं. मी सुनेला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय म्हणणार होते? तुझ्या पोरीला तुझ्याकडे यायचं नाही? कुठल्या तोंडाने? ते पूर्ण खरंही नव्हतं. तिला आई हवी होती. तिला आई इथे हवी होती. तेवढं कुणाच्याच हातात नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सून आली, नवी साडी नेसून, दुकानातून सुट्टी घेऊन. “आई, बऱ्या आहात ना?” म्हणून वाकून पाया पडली. मुलगा दोन हात लांब उभा. पोर दोघांचे हात धरून आत गेली, दोघांच्या मध्ये, तोंड नुसतं उजळलेलं. मी मागे.

भिंतीवर सगळ्यांची चित्रं लावली होती. आमची बाई आपल्या चित्रासमोर आली नि थांबली. चित्राला डोळे होते. काळ्या स्केचपेनने काढलेले, गोल, टपोरे, वर पापण्यासुद्धा.

टीचर प्रेमाने म्हणाल्या, “अर्धवट दिसत होतं ना, मी पूर्ण करून दिलं.” त्यांचा काय दोष? त्यांना काय माहीत. मीच सांगितलं होतं, विसरली असेल.

मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. मी पुढे झाले. पण ती रडली नाही. तिने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आईचा हात सोडला आणि कोपऱ्यात जाऊन दप्तर उचललं. चपला घातल्या. पट्टा लागेना तर खाली बसून लावला. मग आईजवळ येऊन उभी राहिली. “चल.”

“अगं, खाऊ वाटायचाय अजून,” सून म्हणाली.

“चल,” पोर म्हणाली.

रडली असती, हट्ट केला असता, तर मी तरी काही बोलले असते. तिने मला बोलायला जागाच ठेवली नाही.

शाळेच्या ग्रुपमधून मला अजून कुणी काढलेलं नाही. उद्या पिवळा दिवस, पिवळी वस्तू पाठवणे. नखं कापणे. मी वाचते, आणि फोन पालथा ठेवते. मातीचा गणपती खिडकीत तसाच आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

परवा सुनेने फोटो पाठवला. नव्या शाळेत ‘माझे कुटुंब’ काढायला सांगितलं होतं. आई, बाबा, ती स्वतः, सगळ्यांना मोठमोठे टपोरे डोळे, पापण्यांसकट. कडेला एक म्हातारी, नऊवारी, हातात पिशवी, नाकावर चष्मा. चष्म्याच्या काचा कोऱ्या.

मागोमाग सुनेचा फोन. “आई, बघितलंत? आता किती छान काढते. फक्त तुमचेच डोळे राहिले बघा. विसरली.”

“व्हय गो,” मी म्हटलं. “विसरली असेल.”