दोन्हीपैकी एक खोटं

कोर्टाच्या आवारात मालकाच्या पोरानं माह्या हातात पोह्याची प्लेट देली. सगळ्याइच्या समोर. "खाय," म्हने, "आता तू आपली मानूस झाली." चार पावलावर दगडूकाका कुबडी घेऊन उभा होता. माह्याकडं पाहून राह्यला होता. मी प्लेट धरली. खाल्ली बी.

त्याच दिवशी मी शपथ घेऊन खोटं बोलली होती.

दगडूकाका आमच्याच बौद्धपुऱ्यातला. मालकाच्या वावरात आमी संगच सोयाबीन सोंगाले जात होतो. एका दुपारी त्यानं मालकाच्या कॅनमधलं पानी पेलं. मालकाच्या पोरानं कुदळीच्या दांड्यानं त्याचा पाय मोडला. बाकीच्या बाया पल्याडच्या धुऱ्यावर होत्या. पाहनारी मी एकटीच.

तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर मी सांगतलं, मी पाह्यलं. मंग मले कोनी कामाले बलावे ना. एक दिवस मालकीन घरी आली. बसली नाही. म्हने, तुही पोरगी शेलूबाजारच्या शाळेत एकटीच जाते ना. बस, एवढंच. दोन वर्षानं मोठ्या कोर्टात मी सांगतलं, मी काही पाह्यलं नाही, काका धुऱ्यावरून पडला. पोरगा सुटला.

मंग खोट्या साक्षीची केस माह्यावरच लागली. एकाच गोष्टीचे दोन जबाब, दोन्ही शपथेवर. दोन्ही खरे होऊच शकत नाहीत. कोनता खोटा, ते कोर्टाले ठरवता येत नव्हतं. पन एक तं खोटा हायच, अन् तेवढ्यावर शिक्षा होते. माहा वकील म्हने, गप राहा. खोटं कोनतं ते उघडं नाही पडलं, तं शिक्षा कमी भेटन.

गावातलं लहान लेकरू बी सांगत होतं, खोटं कोनतं ते.

मी पोरीले मंगरूळपीरले मामाकडं धाडलं. शिक्षेच्या दिवशी साहेबानं इचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

वकिलानं नाही म्हनून मान हालवली. मागच्या बाकड्यावर मालकाचा पोरगा बसला होता.

"पहिली साक्ष खरी होती, साहेब. त्यानंच काकाचा पाय मोडला. दुसऱ्यांदा मी भेवानं खोटं बोलली."

साहेब जरा वेळ लिहीत राह्यले. म्हनाले, हे तेव्हा सांगायला हवं होतं. सहा महिन्याची शिक्षा झाली. वकील म्हनत होता त्याच्या दुप्पट.

जेलात निरोप आला, दगडूकाका गेला. मी काय बोलली ते त्याच्या कानावर पडलं का नाही, मले अजून मालूम नाही.

सुटली तं आधी दगडूकाकाच्या घरी, काकीकडं गेली. तिनं बस म्हनलं नाही. मी उभ्यानंच सारं सांगतलं. तिनं मान वर न करता इचारलं, "तो कोर्टात समोर उभा होता तवा काहून नाही बोलली?"

तिथून मी तशीच माह्या वकिलाकडं गेली.

पोरगा सुटला त्यावरचं काकीचं अपील वरच्या कोर्टात पडून हाय. वकील म्हने, तिथं साक्ष घेत नाहीत, तू गेली तं पुन्हा अडकशीन. मी त्याले अर्ज लिहाले लावला. सही केली. नाही घेतली साक्ष, तं दर तारखेले दारात उभी राहीन. पुन्हा शिक्षा झाली तं भोगीन. आता माहा एकच जबाब.