लाडूबाय आमेनशिवाय हलत नसे

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आधी माझे पाय पाहिले. मग मला हसायला सांगितलं आणि दात पाहिले. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, पोरगी मजबूत आहे. मी आठवडाभर धुमसत होते. लग्न होऊन उमेळ्याला आले तेव्हा कळलं, की प्लासिडबाबा सगळ्या जगाची पारख अशीच करतात. माझी प्रियल जन्मली, तेव्हा तिचं नाक कोणाचं यावर अख्खं घर भांडत होतं आणि प्लासिडबाबा पाळण्यात वाकून तिच्या पोटऱ्या चाचपत होते. "धावनार," एवढंच बोलले आणि घोडीला बातमी सांगायला तबेल्यात गेले.

ती घोडी म्हणजे लाडूबाय. पपांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वसई स्टेशन ते उमेळे असा टांगा चालवला, तो रिक्षा येईपर्यंत. मग टांगा विकला, घोडी ठेवली. टांग्यावर असताना त्यांचा एक नेम होता. दुपारची नाहीतर संध्याकाळची देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा वाजली, की असतील तिथे थांबायचं, टोपी काढायची, नमो मरियाची प्रार्थना तीनदा म्हणायची आणि आमेन म्हटल्यावरच लगाम हलवायचा. कोणाची गाडी चुकत असली तरी त्यांना फरक पडत नसे. अकरा वर्षांत लाडूबायला हे असं भिनलं, की घंटा झाली की ती खांबासारखी उभी राही आणि आमेन ऐकलं की चालू लागे. मी म्हणायचे, सवय आहे. पपा म्हणायचे, भाविक आहे.

मला ती डोळ्यांसमोर नको होती. ईस्टरला देवळासाठी बांधलेला माझा फुलांचा गुच्छ तिने दांड्यांसकट खाल्ला होता. शिवाय तबेल्याच्या जागी मला शिवणक्लासची खोली हवी होती. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या, म्हणजे ऑगस्टीनच्या मागे लागून लागून गोखिवऱ्याचं एक गिऱ्हाईक शोधायला लावलं. पपांनी दोन दिवस धड जेवण घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वरातीला नेऊन ती आपला चारा आपण कमावेल. शेवटी ठरलं, की एक वरात नीट पार पडली तर घोडी राहील, नाहीतर सोमवारी गोखिवऱ्याला. मी त्यांना क्रुसावर हात ठेवून कबूल करायला लावलं. इतकी मी खमकी.

शेजारच्या नव्या बिल्डिंगमधल्या दिनानाथरावांच्या जितेंद्रचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, सात वाजून बारा मिनिटांचा. सहाला वरात निघाली आणि मी पाहिलं तर घोडीच्या कपाळावर मी लग्नात डोक्यावर घेतलेली पांढरी जाळी. भर रस्त्यात सासऱ्यांशी भांडता येईना, म्हणून मी दातओठ खात वऱ्हाडात चालत राहिले.

मंडप दोनशे पावलांवर आला आणि सातची घंटा झाली. लाडूबाय थांबली. पपांनी टोपी काढली. पण बॅंडवाल्यांना वाटलं, घोडीला जोर हवा, त्यांनी वाजवण्याचा वेग वाढवला. पपांचा आवाज मुळात मऊ. त्यांनी तीनदा आमेन म्हटलं, ते ढोलाखाली दबून गेलं. नवरदेवाचा मामा शत्रुघ्न मागून घोडीला ढकलू लागला. कोणी चणे दाखवले, कोणी गूळ. जितेंद्र म्हणाला, मी उतरून चालत जातो, तर मामा त्याच्यावरच ओरडला, की आमच्या घरात नवरदेव पायी गेलेला नाही. पाच मिनिटं गेली. दिनानाथराव घड्याळ बघून घामाघूम झाले होते.

काय करायला हवं, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले असते तर सोमवारी तबेला माझा होता. खरं सांगते, मनातल्या मनात खोलीच्या खिडक्याही ठरवून झाल्या होत्या. मग पपांकडे नजर गेली. टोपी छातीशी धरून ते घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते.

मी सरळ ढोलवाल्याच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या. "बॅंड बंद करा," मी म्हटलं, "आणि सगळ्यांनी एकदम, मोठ्याने आमेन बोला."

दोनशे वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. दिनानाथरावांनी सुरुवात केली आणि मग अख्ख्या रस्त्याने आमेन म्हटलं. लाडूबाय अशी सुटली, की मुंडावळ्या हवेत आणि मामा धुळीत. मंडपाच्या दारात ती स्वतःच थांबली. वधूच्या आईला वाटलं, ही मुलाकडची रीत असावी. तिनेही ओवाळता ओवाळता आदराने आमेन म्हटलं, आणि घोडी नवरदेवाला घेऊन तळ्यापर्यंत गेली. तिथून तिला वळवून आणलं आणि मुहूर्त एक मिनिट राखून गाठला. हसून हसून मंगलाष्टकं कोणाला धड म्हणता येईनात.

सोमवारी गोखिवऱ्याचा माणूस आला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. शिवणक्लास ओट्यावर भरू लागला. पपांनी माझी जाळी धुऊन, इस्त्री करून माझ्या उशीवर ठेवली. पुढे नालासोपाऱ्यापर्यंतची लग्नं लाडूबायने केली, गोरज मुहूर्त तेवढे सोडून.

दोन हजार तीनमध्ये पपा गेले. त्यांना माती देऊन आम्ही घरी आलो. सातची घंटा झाली तेव्हा लाडूबायचं तोंड बादलीत होतं. तिने मान वर केली आणि थांबली. घरात माणसं होती, पण प्रार्थनेचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. मी तबेल्यात गेले. तीन नमो मरिया म्हटल्या आणि शेवटच्या शब्दापाशी थांबले. मला पपांची फार, फार आठवण येत होती. घोडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

"आमेन," मी म्हटलं.

तिने तोंड पुन्हा बादलीत घातलं. ती खात होती तोवर मी तिथेच बसून तिचे पाय बघत राहिले. म्हातारी झाली होती, पण पाय अजून मजबूत होते.