औलीच्या बर्फात बाबांच्या मागे

बल्लारशाह सोडून गाडी वरोऱ्याला पोचेपर्यंत बाबा तीनदा दारापर्यंत जाऊन आले. बसले की गुडघा हलवत, उठले की डब्यातून येरझाऱ्या घालत. आलापल्लीच्या सागवनात वनमजूर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. निवृत्तीनंतर आईच्या आजारपणात घरात अडकला आणि दिवाळीनंतर ती गेली तेव्हापासून बोलेनासा झाला. मी सिंदेवाहीच्या शाळेत शिकवते. औलीला जाऊन स्की शिकायचं माझ्या मनात दोन वर्षं होतं. या फेब्रुवारीत त्यांनाही सोबत घेतलं. हवापालट होईल, असं वाटलं.

हरिद्वारहून जीपने जोशीमठ गाठायला पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी औलीच्या चढावर बर्फात चाकं घसरू लागली. चालक चाकांना साखळ्या बांधत होता, तोवर बाबा उतरून चालतच सुटले. पुढच्या वळणावर आम्ही त्यांना पुन्हा गाडीत घेतलं.

समोर नंदादेवी उभी होती, उन्हात बघवत नव्हती इतकी पांढरी. मी फोटो काढत राहिले. बाबांनी एकदा बघितलं आणि नजर खालच्या झाडांकडे वळवली. जेवायला मंडुव्याची रोटी (नाचणीची भाकर) आणि गहतची (कुळथाची) डाळ होती. ते अर्ध्यातूनच उठले. मलाही मग घास गोड लागेना.

सकाळी त्यांना उन्हात बाकावर बसवलं, हातात चहा दिला आणि मी शिकायला गेले. शिकवणारा सांगत होता, बोटं जवळ आणि टाचा लांब ठेवल्या की वेग आवरतो. माझे पाय ऐकत नव्हते. प्रत्येक वेळी पडले की बाकाकडे बघायची. सातव्या की आठव्यांदा पडून वर बघितलं, तर बाक रिकामा. अर्धा चहा तसाच होता.

त्यांचा फोन माझ्याच पिशवीत. मी स्की काढून टाकल्या आणि त्यांच्या पावलांमागे निघाले. पावलं सरळ झाडांत उतरत होती. बर्फ गुडघ्यापर्यंत. हाका मारत उतरत राहिले. मीच आग्रह करून आणलं, हे एकच डोक्यात फिरत होतं.

अर्ध्या तासाने ते सापडले. बांजाच्या (तिकडच्या सदाहरित झाडाच्या) फांद्या तोडणाऱ्या एका बाईंना ते भारा बांधून देत होते. बर्फ पडला की गाई गोठ्यातच असतात, त्यांना हाच पाला, असं त्या बाईंनी हिंदीत सांगितलं. मी रागावले. बाबांनी आधी गाठ पक्की आवळली.

"बसून राहाले जमत नाई बाई," ते म्हणाले. "हात रिकामे रायले का तुही माय आठवते. तिले कुठीच नेलं नाई म्या. जंगल सोडून कुठीच नाई."

माझा राग गळून गेला. तिला बर्फ आवडला असता का, एवढंच मी विचारलं. त्यांनी भारा त्या बाईंच्या पाठीवर चढवला. "थंडीच्या नावानं मलेच शिव्या देल्ल्या असत्या," म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी हसले. वर येईपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होते.

उरलेले दोन दिवस मी उतारावर आणि बाबा काठी घेऊन कडेने. मी पडले की थांबत, उठले की चालू लागत. शेवटच्या सकाळी मी वरून खालपर्यंत न पडता आले. थंडीने डोळ्यांत पाणी, आणि तरी लगेच पुन्हा वर जावंसं वाटत होतं.

आलापल्लीला त्यांना सोडलं, तेव्हा पिशवी घरात ठेवून ते लगेच बाहेर पडले. त्यांची अस्वस्थता गेलेली नाही. ती जावी म्हणून मी त्यांना नेलं होतं, पण आता ती जायलाच हवी असं वाटत नाही. पूर्वी फोनवर मी त्यांना, बरे आहात ना, असं विचारायची. ते हो म्हणायचे आणि बोलणं संपायचं. आता विचारते, आज कुठपर्यंत गेलात? मग ते सांगत राहतात आणि मला बराच वेळ फोन ठेवता येत नाही.