भवानी आणि रद्दचं बटण

माझा पुण्यातला कॉलेजमित्र मासे खात नाही, आणि मासे विकायचं अ‍ॅप आम्ही दोघांनी मिळून काढायला घेतलं. माझ्या डोक्याचा ताप इथूनच सुरू झाला. तो कोड लिहायचा, मी रत्नागिरीत बसून स्क्रीन आखायचे. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या मावशी वर्षानुवर्षं डोक्यावर माशांची पाटी घेऊन आमच्या आळीची चढण चढत आल्या. आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं होतं, मुलगा घरी बसा म्हणत होता, आणि घरी बसायच्या नुसत्या कल्पनेने मावशींचा चेहरा उतरायचा. मोबाइलवर ऑर्डरी आल्या तर त्यांचा पुतण्या रिक्षातून मासे पोचवणार होता. नाही आल्या तर धंदा बंद.

मित्राला मात्र आधी स्वागताचे स्क्रीन हवे होते, उड्या मारणाऱ्या कोळंबीसकट. मग पासवर्ड. मग माशांना तारे. सकाळी पाच तारे मिळालेल्या बांगड्याची दुपारी काय अवस्था होते, हे त्याला कोण सांगणार? मी एकेक गोष्ट खोडत गेले, तो परत आणत गेला. भांडून भांडून उरलं ते इतकंच: मावशींनी बंदरावरून फोटो टाकायचे, लोकांनी बटण दाबायचं. आणि त्याच्या हट्टाने राहिलेलं 'रद्द करा'.

चाचणीच्या सकाळी मी मावशींच्या पडवीत बसले होते. पहिली ऑर्डर आली ती माझ्याच आईची, बांगड्यांची. मावशींनी मोबाइल कपाळाला लावला. दिवसाची भवानी झाली. मोबाइल खाली ठेवेपर्यंत ऑर्डर रद्द. मी भडकून घरी फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, आत्ता कॅलेंडर बघितलं, आज संकष्टी आहे. हा दिवस मित्राने ठरवला होता. त्याला काय, बाराही महिने संकष्टीच.

"भवानीच मोडली गो," मावशी म्हणाल्या. "आता आज मी काय विकीत नाय."

संकष्टी न पाळणारी घरं गावात पुष्कळ. मोबाइल वाजत राहिला, मावशींनी एकही ऑर्डर घेतली नाही. अजून एकदा बघू, नाही जमलं तर मुलाचं ऐकते, असं मला सांगून त्या आत गेल्या.

मित्र म्हणाला, रद्द करणं हा ग्राहकाचा हक्क आहे. मी म्हटलं, तुझा ग्राहक खड्ड्यात गेला. तो म्हणाला, मग 'नक्की का?' असं विचारणारी खिडकी टाकू. मी फोन आपटला. असं भांडण रोज झालं. शेवटी पहिल्या ऑर्डरीपुरतं त्याने ते बटण काढलं आणि मी वर वाक्य लिहिलं: 'ही मावशींची आजची भवानी. घेतलीत तर रद्द होणार नाही.'

पुन्हा पडवी. फोटो टाकले, आणि कोणीच बटण दाबेना. आईला विचारलं तर कळलं, आळीतले सगळे ते वाक्य वाचून थांबलेत, आधी दुसऱ्या कुणाच्या हातून भवानी होऊ दे म्हणतात. ग्राहकाला सगळं स्पष्ट सांगावं म्हणे! मला ते वाक्य, तो मोबाइल आणि अख्खी आळी समुद्रात फेकावीशी वाटली. मीच घेते म्हटलं तर मावशींना पटेना. दारात बसलेल्या माणसाची कसली भवानी? त्या गुडघे चोळत होत्या. बर्फ वितळत होता.

"र्‍हाऊ दे गो बाय," त्या म्हणाल्या. "तू लय केलंस."

आणि मोबाइल वाजला. डझनभर बांगडे. पत्ता आमच्या घरचा, नाव पुण्याच्या मित्राचं.

मावशींनी मोबाइल कपाळाला लावला. लगेच दुसरी ऑर्डर आली, मग तिसरी, मग पुतण्या रिक्षा काढायला धावला. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. मित्राने फोन करून सांगितलं, रद्द होत नाही, बटण शोधून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, त्या पुण्याच्या भावाला बांगडे आवडले काय. मी म्हटलं, आवडले, काटेसुद्धा ठेवले नाहीत.