सासरच्यांना लिस्बन दाखवताना

सासरच्या माणसांबरोबर परदेशात फिरून आलं ना, की फोटो सगळे सारखेच निघतात. मागे काहीतरी जुनं, पुढे आपण, डोळे मिटलेले. खरा माल असतो तो किश्श्यांचा. माझ्याकडे तर एवढे साठलेत की डोंबिवलीत कुठल्याही मैत्रिणीकडे चहाला गेले की, "अगं, तो आत्याचा सांग ना!" अशी फर्माईश होते.

झालं असं की समीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण प्रिया लिस्बनला नोकरी करते. तिच्याकडे आम्ही पाचजण जायचं ठरलेलं. ऐनवेळी समीरला रजा नाही. मला म्हणाला, "तू ने ना सगळ्यांना. तुला इंग्लिश येतं!"

पोर्तुगालमध्ये, इंग्लिश!

तर ठाण्यातल्या बाळकुमचे माझे सासू-सासरे, समीरची साठी उलटलेली आत्या आणि मी, अशी वरात निघाली. निघायच्या आदल्या दिवशी प्रियाचा फोन. "वहिनी, एक छोटंसं काम आहे. इथे एक मुलगा आहे, तियागो. आम्ही लग्न करतोय. तू बाबांना ओघाओघात सांगशील?"

आमचं लग्न ठरलं तेव्हा, मी फक्त डोंबिवलीची आणि शाकाहारी आहे एवढ्यावरून बाबा आठ दिवस जेवताना बोलत नव्हते. आणि ही मला ओघ शोधायला सांगत होती!

---

पहिल्या दिवशी किल्ला. चढ असा की कल्याणचा दुर्गाडी म्हणजे स्पीडब्रेकर वाटावा. आत्या नऊवारी लुगड्यात, नाकात नथ, पायात प्रियाचे स्पोर्ट्स शूज. किल्ल्याच्या दाराशी एका बाईने तिला फोटो मागितला. आत्याने पदर सारखा केला आणि उभी राहिली. मग दुसरी बाई आली. मग एक आख्खा जर्मन ग्रुप. बघता बघता लाइन लागली! आत्या एकेकाला हाताने धरून बाजूला उभं करतेय, "हिकडं बग, हास जरा!" म्हणतेय.

तासाभराने मी म्हटलं, "आत्या, चला ना, किल्ला बघायचाय. बंद होईल."

आत्या म्हणाली, "किल्ला काय, उद्या पन हाय. मी तं सोमवारी चालली!"

---

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं मला टेन्शन होतं. त्यांना मराठीशिवाय काही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आई घरात नाहीत! मी गाउनवरच खाली धावले. आई कोपऱ्यावरच्या बेकरीतून शांतपणे बाहेर येतायत, हातात गरम पाव.

"अहो, मागितलात कसा?"

"कसा म्हंजे? पाव बोलली. दिला."

पोर्तुगीजमध्येही पावच! मग भाजीवाल्याकडे गेल्या, "बटाटा" म्हणाल्या, बटाटा मिळाला. घरमालकिणीला "चावी" म्हणाल्या, तिने चावी दिली. तिसऱ्या दिवशी बाळकुमला शेजारणीशी फोनवर बोलताना ऐकलं, "अगो, हितली मानसं मराठीच बोलतान. जरा तोंडात सुपारी धरल्यासारकी!"

मी समजावलं, "आई, हे शब्द मुळात ह्यांचे. ते आपल्याकडे आले तेव्हा सोडून गेले."

"परत न्यायला आलं का कोन? नाय ना? मंग आता आपलेच!"

---

तियागो भेटला तो असा. प्रिया दिवसभर ऑफिसला, म्हणून तिने 'ऑफिसमधला मित्र, सुट्टीवर आहे, तुम्हाला फिरवेल' असं सांगून त्याला आमच्यासोबत पाठवलं. उंच, दाढीवाला, भलताच नम्र. सगळ्यांच्या बॅगा स्वतःच्या खांद्यावर. मला बघून असा हसला की जणू मी त्याचा पासपोर्ट आहे.

तो आम्हाला नदीकाठच्या एका भल्यामोठ्या दगडी स्मारकाशी घेऊन गेला. जहाजाच्या टोकावर खलाशांचे पुतळे. तियागो अभिमानाने सांगत होता, मी त्याचं मराठी करत होते. इथून जहाजं निघाली, समुद्र ओलांडला, इंडियाला पोचली.

बाबांनी मागे हात बांधून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला सांग, आमच्या ठाण्याच्या खाडीत पण आलेली. आम्ही काय बोलावलं नव्हतं!"

मी आधी तियागोच्या खांद्यावरच्या बॅगांकडे बघितलं. पण सांगितलं. तियागोचा चेहरा पडला. त्याने बॅगा खाली ठेवल्या आणि बाबांना हात जोडून म्हणाला, "सॉरी, सर."

बाबा जरा गडबडले. चारशे-पाचशे वर्षांची माफी एकदम समोर आली की माणूस काय करणार? शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाऊ दे, जाऊ दे. पाव चांगला दिलात!"

---

ओघ काही सापडत नव्हता. एका संध्याकाळी नदीवर बाबा एकटे बाकावर बसलेले. म्हटलं, हीच वेळ.

"बाबा, तियागो कसा वाटतो तुम्हाला?"

बाबांनी खूप विचार केला. "चालतो फार जोरात."

एवढंच!

मग आईंकडून प्रयत्न केला. एका जुन्या चर्चमध्ये त्यांनी मेणबत्ती लावली, डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, "काय मागितलंत?"

"प्रियासाठी चांगला पोरगा. आपल्यातला."

मी गुपचूप शेजारी दुसरी मेणबत्ती लावली. म्हटलं, देवा, त्यांची जरा होल्डवर ठेव.

---

एका दुपारी तियागोने आम्हाला भाजलेले सार्डिन खायला नेलं. (मला सॅलड.) आत्याने पहिला घास घेतला आणि चेहरा असा केला की वेटरच घाबरला. "मीठ सोडून काय नाय ह्यात!" तिने पिशवीतून घरच्या मसाल्याची बाटली काढली आणि सगळ्यांच्या ताटात झटकली. तियागोच्या ताटात जरा जास्तच, पाहुणचार म्हणून.

तियागोने खाल्लं. कान लाल झाले. डोळ्यांतून धारा. पण पोरगं मोठं संस्कारी! मान हलवत म्हणायला लागला, "बों! बों!"

त्यांच्यात 'बों' म्हणजे छान. हे आत्याला कुठे माहीत!

"अरे, बोंब मारतंय बग तो! पानी द्या त्याला कोनीतरी!"

पाणी पिऊन त्याने ताट पुढे केलं. अजून मसाला मागितला. आत्या माझ्या कानात म्हणाली, "नाव त्याग, आनि सोडत तं काय नाय!" पण त्या दिवसापासून माशाचा मोठा तुकडा त्याचा.

---

आणि मग शेवटचा रविवार. तियागोच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं. नदीपलीकडे छोटं घर, अंगणात टेबल. आता सांगितलंच पाहिजे, म्हणून प्रियाच्या तोंडात घास जात नव्हता. तियागो सारखे ग्लास पुसत होता. त्याच्या आईला इंग्लिश येत नाही. त्यामुळे बाबा मला मराठीत, मी तियागोला इंग्लिशमध्ये, तो आईला पोर्तुगीजमध्ये, अशी पाइपलाइन. "मासे छान झालेत" पोचायला दोन मिनिटं लागत होती.

जेवण झालं. प्रियाने टेबलाखालून मला चिमटा काढला. मी घसा खाकरला. "बाबा, मला जरा तुमच्याशी..."

बाबांनी हात वर केला. त्यांनी नॅपकिनने तोंड पुसलं, तियागोकडे बघितलं, मग त्याच्या आईकडे.

"त्यांना विचार," बाबा मला म्हणाले, "हळदीला त्यांच्याकडची माणसं किती येतील?"

प्रियाच्या हातातला चमचा खाली पडला. आई आणि आत्या शांतपणे फळं कापत होत्या. मी विचारलं. तियागोने आईला विचारलं. ती माउली आधी रडली, मग हसली, मग बोटांवर मोजायला लागली. मामा, मावश्या, चुलत भाऊ, शेजारीण. दोनदा मोजलं.

"अठरा," तियागो म्हणाला.

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने बाबांकडे.

"अठरा?" आत्या म्हणाली. "यवरी तं आपल्याकडं नुसती कांदा कापायला असतान!"