नेल्लोकाकांच्या गायींचा ढेकर

नेल्लोकाकांच्या घरून उपाशी परतलेला माणूस आमच्या खोऱ्यात सापडायचा नाही. तुम्ही नको म्हणालात की पोलेंटाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचा, दुसरा डाव ताटात पडणार. ताट हातांनी झाकलंत तर सलामीचे, म्हणजे खारवलेल्या मांसाचे, काप खिशात. पाहुण्याने ढेकर दिला की मगच काकांचा हात थांबायचा. त्यांच्या बायकोला, दोरिनाकाकूंना, हा गावंढळपणा वाटायचा. मलाही वाटायचा, पण माझं ऐकतो कोण.

त्या वर्षी उन्हाळा सरला तरी पाऊस नाही. गवत वाळलं, गायींचं दूध उतरलं. डेअरीने कळवलं की गोठ्यातली टाकी निम्मीसुद्धा भरणार नसेल तर महिनाअखेरीनंतर दुधाचा टँकर डोंगरात वर पाठवणं परवडणार नाही. टँकर बंद म्हणजे गायी विकणं आलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत, आणि मी खरा घाबरलो तो तेव्हा.

काकूंचा भाऊ वाइन करायचा. त्याच्याकडचा द्राक्षांचा चोथा, म्हणजे सालं, बिया, देठं, पूर्वी काकांच्या शेडमधल्या तांब्याच्या भट्टीत जायचा आणि ग्राप्पा होऊन बाहेर यायचा. घरी गाळलेली दारू कायद्याला मंजूर नाही, म्हणून मी जास्त बोलत नाही. भट्टीने काकांच्या दोन्ही भुवया जाळल्या तेव्हा काकूंनी ती माळ्यावर टाकली. आता गवत नाही म्हणून तोच चोथा गव्हाणीत पडू लागला. चाऱ्याचा सल्ला देणाऱ्या बाईंनी बजावलं, बेताने घाला, तुरट असतो, जास्त झाला तर दूध घटेल. वर त्या म्हणाल्या की याने गायी ढेकर कमी देतात, त्यातला वायू कमी झाला तर हवेला ते बरं.

काकांनी फक्त ढेकराचं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते गव्हाणीपाशी कान देऊन बसले. ढेकर येईना. बिचाऱ्या उपाशी आहेत असं ठरवून त्यांनी आणखी चोथा ओतला. दूध आणखी उतरलं, काकांनी आणखी ओतला. गायी तोंड फिरवायच्या, तर काकांना वाटायचं, पाहुण्यासारख्या भिडेने नको म्हणतायत.

शेवटी काकू गोठ्यात आल्या.

"नेल्लो, फावडं खाली ठेव."

"अगं, ढेकर देत नाहीत त्या."

"तोंड तुरट झालंय त्यांचं. माणसं असती तर केव्हाच पळून गेली असती. निम्म्यावर आण."

"आणि उरलेला? टाकून देऊ?"

त्या घरात शिळ्या पावाचा चुरासुद्धा सूपमध्ये जातो, आणि ही शिस्त काकूंचीच. त्या चोथ्याच्या ढिगाला वळसा घालून गेल्या. मग शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि तांब्याची भट्टी खाली दिली.

"भुवया सांभाळ," एवढंच म्हणाल्या.

दूध हळूहळू चढलं. महिनाअखेरीला टँकरवाल्या डॅरिलने टाकीत मोजपट्टी बुडवली. निम्म्याच्या वर दूध होतं. काकांनी त्याला ओढतच जेवायला नेलं. पहिला डाव संपल्यावर डॅरिलने सवयीने ताट झाकलं.

"खरंच पुरे?" काकांनी विचारलं, आणि डाव खाली ठेवला.

डॅरिल घाबरला. "यांची तब्येत बरी आहे ना?" त्याने मला हळूच विचारलं.

काकूंना ते बघवेना. त्या उठल्या, डॅरिलचा हात बाजूला केला आणि दुसरा डाव त्यांनीच वाढला.